नोकरी गेली आणि मी प्रदूषित जमिनी साफ करायला शिकले: अमेरिकेतलं फुकट ट्रेनिंग कसं मिळवायचं

वेअरहाऊसमधली नोकरी गेली तेव्हा मी पहिलं काय केलं असेल तर क्रेडिट कार्ड काढून एक ऑनलाइन कोर्स विकत घेतला. ४० तासांचा, घातक कचऱ्याच्या सफाईचा, सर्टिफिकेट लगेच ईमेलवर. सोफ्यावर बसून स्लाइड्स पुढे सरकवल्या, परीक्षा दिली, पास झाले, सर्टिफिकेट प्रिंट करून फाइलला लावलं. पहिल्याच इंटरव्ह्यूत समोरच्या बाईंनी विचारलं, रेस्पिरेटर (श्वासाचा मास्क) कधी तोंडावर चढवलायस का? म्हटलं नाही. रसायनांपासून वाचवणारा सूट घातलायस? नाही. मग त्या छान बोलल्या, पाणी विचारलं, आणि विषय तिथेच संपला. काही शे डॉलर गेले ते गेलेच.

पुढे बऱ्याच महिन्यांनी कळलं की हेच ट्रेनिंग, आणि याच्यापेक्षा कितीतरी जास्त, घरापासून दोन बस बदलून गेलं की फुकट मिळत होतं. कुणी सांगितलंच नाही, कारण आपल्या मंडळींत या कामाचं नाव काढलं की लोक "अगं पण तू बीएस्सी ना?" म्हणून मोकळे होतात. तर मी न्यू जर्सीत राहते, आता एका कॉन्ट्रॅक्टरकडे फील्ड टेक्निशियन आहे, आणि जे मला उशिरा कळलं ते इथे क्रमाने लिहून ठेवतेय. राज्य बदललं की तपशील थोडे बदलतील, पण फेडरल नियम सगळीकडे तेच.

१. आधी हे काम नक्की काय आहे ते समजून घ्या

दोन शब्द सारखे कानावर येतील. ब्राउनफील्ड म्हणजे बंद पडलेलं गॅस स्टेशन, ड्राय क्लीनरचं जुनं दुकान, ओस पडलेला कारखाना, अशी जागा जिथे जमिनीत काहीतरी मुरलेलं असेल म्हणून कुणी हात लावत नाही. सुपरफंड म्हणजे त्याच्या वरची पायरी, देशातल्या सगळ्यात वाईट जागांची यादी. न्यूयॉर्क राज्यात नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनाल नावाची वस्ती होती, रसायनांच्या जुन्या डंपवर शाळा आणि घरं बांधलेली, १९७८ मध्ये ते प्रकरण पेटलं आणि १९८० मध्ये सुपरफंडचा कायदा झाला. या यादीत सगळ्यात जास्त जागा कुठल्या राज्यात असतील तर आमच्या न्यू जर्सीत. नेवार्कमध्ये पसेइक नदीकाठी डायमंड अल्कली म्हणून कारखाना होता, व्हिएतनाम युद्धात फवारलेलं एजंट ऑरेंज हे झाडांची पानं गाळणारं रसायन तिथे बनायचं, त्यातलं डायॉक्सिन नावाचं विष नदीच्या गाळात आहे आणि ती जागा १९८४ पासून यादीत आहे. आम्ही नेवार्क एअरपोर्टला पाहुण्यांना आणायला जायचो तेव्हा कधी डोक्यात आलं नव्हतं की इथून थोड्या अंतरावर हे सगळं पडलंय.

यातलं रोजचं काम म्हणजे माती खणून ट्रकमध्ये भरताना नजर ठेवणं, ड्रमवर लेबलं लावणं, मातीचे पाण्याचे नमुने घेणं, हवेचं मीटर वाचणं, जुन्या इमारतींतलं ॲस्बेस्टॉस आणि शिशाचा रंग काढणं. उन्हात प्लास्टिकसारख्या सूटमध्ये उभं राहायचं, थंडीत पहाटे पाचला निघायचं, कधी दुसऱ्या गावी महिनाभर मोटेलमध्ये राहायचं. पाठीचा त्रास असेल, बंद जागेत जीव घाबरत असेल तर आत्ताच विचार करा, ट्रेनिंगच्या तिसऱ्या दिवशी कळण्यापेक्षा बरं. आमच्या बॅचमधला एक धडधाकट मुलगा मास्क लावला की दोन मिनिटांत ओढून काढायचा, त्याचा काही दोष नाही, काहींना जमत नाही.

२. काम करायची परवानगी आहे ना ते तपासा

सिटिझन, ग्रीन कार्ड किंवा ईएडी (काम करायचं परवाना कार्ड), यातलं काहीतरी हवं, कारण शेवटी नोकरीवर घेताना कामाची परवानगी तपासणारा आय-९ फॉर्म भरावाच लागतो. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर असाल आणि ईएडी नसेल तर नोकरी करता येत नाही, मग ट्रेनिंगवाले घेणार नाहीत. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर ले-ऑफ झालेल्यांसाठी हा रस्ता नाही, नवी नोकरी शोधायला मिळणाऱ्या त्यांच्या साठ दिवसांची घालमेल वेगळीच.

मुलांसाठी, म्हणजे पुरुषांसाठी, एक जास्तीची गोष्ट. १८ ते २५ वयात ग्रीन कार्डवर इथे असाल तर सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये, म्हणजे गरज पडली तर सक्तीच्या सैन्यभरतीसाठीच्या यादीत, नाव नोंदवावं लागतं. आपल्याकडच्या पोरांना वाटतं ते सैन्याचं काहीतरी, आपल्याला काय करायचंय, आणि मग सरकारी पैशाच्या ट्रेनिंगला गेलं की तिथे अडकतात. माझ्या दिराचा मुलगा असाच अडकला होता.

३. बरोबर दार शोधा (इथेच सगळे चुकतात)

बहुतेक जण ईपीए म्हणजे फेडरल पर्यावरण खात्याच्या साइटवर जाऊन अर्ज कुठे करायचा ते शोधत बसतात. अर्ज नसतोच तिथे. ईपीए १९९८ पासून ब्राउनफील्ड जॉब ट्रेनिंगसाठी ग्रँट देते, पण ती देते शहरांना, कम्युनिटी कॉलेजांना, स्थानिक संस्थांना. त्या संस्था आपल्या भागातल्या बेरोजगार किंवा अर्धवट काम असलेल्या रहिवाशांना निवडतात आणि शिकवतात. म्हणजे तुमचा अर्ज त्या संस्थेकडे. ईपीएच्या साइटवर फक्त एवढंच बघायचं की तुमच्या भागात सध्या ग्रँट कुणाकडे आहे.

असाच दुसरा रस्ता सुपरफंड जॉब ट्रेनिंग इनिशिएटिव्ह, लोक त्याला सुपर-जेटीआय म्हणतात. एखाद्या सुपरफंड जागेवर मोठं काम सुरू होणार असेल तर त्याच्या आसपास राहणाऱ्यांनाच शिकवून त्या कामावर घ्यायचा प्रयत्न असतो. हे कायम चालू नसतं, काम निघालं की निघतं. आणि तिसरा रस्ता एनआयईएचएस या आरोग्य संस्थेचा कामगार ट्रेनिंग कार्यक्रम, तो युनिव्हर्सिटी आणि युनियनमार्फत चालतो. तिन्हींची नावं लिहून घ्या कारण काउंटरवर बसलेल्या माणसाला तिन्ही माहीत असतीलच असं नाही.

मला दार सापडलं ते वन-स्टॉप करिअर सेंटर या सरकारी नोकरी केंद्रात. दुसऱ्या राज्यांत याला अमेरिकन जॉब सेंटर म्हणतात. तिथे "मला ट्रेनिंग पाहिजे" असं मोघम बोलू नका, तसं म्हटलं की फोर्कलिफ्ट आणि सीडीएलचं (ट्रक चालवायच्या लायसन्सचं) पत्रक हातात देतात. मी पहिल्या वेळी तेच घेऊन घरी आले. दुसऱ्या वेळी विचारलं, ब्राउनफील्डची किंवा घातक कचऱ्याच्या सफाईची ग्रँट आत्ता कुणाकडे आहे, पुढची बॅच कधी, मग काउंटरवरच्या बाईंनी मान वर केली. ग्रँट नसेल तर डब्ल्यूआयओएचे पैसे कुठल्या कोर्सला लागू होतात तेही तिथेच विचारा, हा २०१४ चा कायदा आहे आणि नोकरी गेलेल्यांच्या ट्रेनिंगचे पैसे त्यातून येतात.

बॅच वर्षातून मोजक्याच असतात आणि ग्रँट संपली की वर्गही संपतो. म्हणून नाव नोंदवून गप्प बसू नका, दर दोन आठवड्यांनी फोन करा. लाज वाटते, मलाही वाटायची. माझं नाव वेटिंग लिस्टवर होतं, एकाने ओरिएंटेशनला दांडी मारली आणि नेमका त्या दिवशी सकाळी मी फोन केला होता.

एक सापळा आहे, तो नीट वाचा. बेकारी भत्ता चालू असेल तर ट्रेनिंगला बसायच्या आधी भत्त्याच्या ऑफिसला कळवून ट्रेनिंग मंजूर करून घ्या. मंजूर ट्रेनिंगमध्ये असताना तुम्ही नोकरी शोधत नाही म्हणून भत्ता बंद करता येत नाही, पण न सांगता बसलात तर दर आठवड्याच्या फॉर्मवर "कामाला उपलब्ध होतात का" या प्रश्नाचं उत्तर देताना फसाल, आणि मग पैसे परत करायची चिठ्ठी येते.

४. कागदपत्रं

मी नेलेला गठ्ठा असा होता:

- राज्याचं आयडी किंवा ड्रायव्हिंग लायसन्स (लायसन्स असेल तर फार बरं, साइटवर बस जात नाही)
- सोशल सिक्युरिटी कार्ड, मूळ
- ग्रीन कार्ड किंवा ईएडी
- पत्त्याचा पुरावा, लाइटबिल किंवा लीज, कारण "आमच्या भागातला रहिवासी" हे सिद्ध करावं लागतं
- नोकरी गेल्याचं पत्र किंवा बेकारी भत्त्याचा कागद, आणि घरातल्या उत्पन्नाचा पुरावा
- शिक्षणाचा कागद, काही ठिकाणी बारावीच्या तोडीचा पुरावा मागतात
- एक पानाचा रेझ्युमे, त्यात वजन उचलण्याचं, मशीनचं, बाहेर उन्हातान्हात केलेलं काम वरती

सोशल सिक्युरिटी कार्ड लॅमिनेट करू नका. आपल्याकडे कागद हातात आला की पहिली धाव लॅमिनेशनकडे, मीही केलं होतं, आणि ते करू नका असं सोशल सिक्युरिटीवालेच सांगतात. मला नवीन मागवावं लागलं, त्यात आठवडे गेले.

आणि नाव! पासपोर्टवर माझं मधलं नाव नवऱ्याचं, दुसऱ्या एका कार्डावर ते पहिल्या नावालाच चिकटलेलं, डिग्रीवर माहेरचं आडनाव आणि वडिलांचं नाव. मराठी बायकांची ही तर घरोघरची कथा. वर्गाच्या पहिल्या दिवशी हजेरीपटावर जे नाव लिहाल तेच पुढे प्रत्येक सर्टिफिकेटवर छापून येतं, म्हणून सरकारी आयडीवर जसं आहे तस्संच, स्पेलिंगसकट लिहा. एका सर्टिफिकेटवर माझं आडनाव एका अक्षराने चुकलं, ते दुरुस्त होईपर्यंत कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसने मला साइटवर पाठवलं नाही.

५. चाचणी आणि इंटरव्ह्यू

बऱ्याच ठिकाणी टेबे नावाची चाचणी घेतात, वाचन आणि गणित. अवघड काही नाही पण अपूर्णांक आणि इंच-फूट घासून जा. आपण सेंटिमीटरवाले, तीन अष्टमांश इंच म्हटलं की दोन सेकंद जास्त लागतात. इंटरव्ह्यूत एकच गोष्ट बघतात, हा माणूस रोज वेळेवर येईल का आणि शेवटपर्यंत टिकेल का. संस्थेला किती जण पास झाले, किती जण नोकरीला लागले याचा हिशेब द्यायचा असतो ना. मुलांना कोण सांभाळणार, कसे येणार, हे विचारलं तर वाईट वाटून घेऊ नका, ठरवलेलं उत्तर द्या. बस पास किंवा थोडा भत्ता मिळतो का तेही तेव्हाच विचारा, काही ठिकाणी मिळतो काही ठिकाणी नाही.

ड्रग टेस्ट होते. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी कित्येक कॉन्ट्रॅक्टर टेस्ट करतातच, आमच्या बॅचमधून दोन जण तिथेच गळले.

६. वर्गात काय शिकवतात

मुख्य कोर्स हॅझवोपर, म्हणजे घातक कचऱ्याच्या कामाचं ट्रेनिंग, फेडरल नियम २९ सीएफआर १९१०.१२०. तोंडपाठ होईल तुम्हाला हा आकडा. साइटवर नेहमी काम करणाऱ्याला ४० तास वर्ग आणि त्यावर ३ दिवस प्रत्यक्ष साइटवर सुपरवायझरच्या हाताखाली. अधूनमधून जाणाऱ्यांसाठी २४ तास आणि १ दिवस असा छोटा प्रकार आहे, तो घेऊन फसू नका, तुम्हाला ४० चाच लागणार. आता माझ्या त्या विकत घेतलेल्या कोर्सचं कुठे चुकलं ते सांगते. स्लाइड्स बघणं चालतं, पण त्यासोबत सूट घालणं, मास्क लावणं, उपकरण हाताळणं हे हाताने झालंच पाहिजे आणि प्रश्न विचारायला शिक्षक पाहिजे, नुसतं कॉम्प्युटरवर झालेलं ओशा, म्हणजे कामगारांच्या सुरक्षेचं फेडरल खातं, पुरेसं मानत नाही. आणि "ओशा अप्रूव्ह्ड हॅझवोपर" अशी जाहिरात दिसली तर तिथून निघाच, ओशा हे कोर्स अप्रूव्ह करतच नाही.

सोबत बहुतेक ठिकाणी ओशा १० तासांचं कन्स्ट्रक्शन कार्ड, फर्स्ट एड-सीपीआर, बंदिस्त जागेत उतरण्याचं ट्रेनिंग, शिशाच्या रंगाचं ८ तासांचं, आणि ॲस्बेस्टॉसचं असतं, कामगाराला ३२ तास, सुपरवायझरला ४०. ॲस्बेस्टॉसला राज्याचं लायसन्स किंवा परमिट वेगळं लागतं, त्याची फी संस्था भरते का ते विचारून ठेवा.

बाकी वर्गातलं तुम्ही शिकालच, मी फक्त जिथे लोक अडखळतात ते सांगते.

सूटचे चार स्तर असतात, ए ते डी. ए म्हणजे अंतराळवीरासारखा पूर्ण बंद सूट आणि पाठीवर हवेची टाकी, बी मध्ये टाकी तीच पण सूट थोडा कमी, सी मध्ये हवा गाळणारा मास्क, डी म्हणजे साधे कपडे, बूट, हेल्मेट, चष्मा. फोटो सगळे ए चे काढतात, नोकरी सगळी सी आणि डी मध्ये होते. हवेच्या मीटरवर ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांत हवा, हा आकडा परीक्षेत येतो आणि साइटवरही रोज लागतो.

सूट घालताना हातमोज्यावर आणि बुटावर टेप गुंडाळतात. टेप गुंडाळून झाल्यावर शेवटचं टोक आत दुमडून छोटं शेपूट ठेवायचं. मी पहिल्या दिवशी ठेवलं नाही, छान गुळगुळीत चिकटवलं. बाहेर पडताना दोन-दोन हातमोजे घातलेल्या जाड बोटांनी ते टोक सापडेना, मागे चार माणसं रांगेत घामाघूम उभी, आणि शिक्षक शांतपणे म्हणाले, घाई नाही, आपण सगळे इथेच आहोत. तेव्हापासून माझं शेपूट कधी चुकलं नाही.

बाहेर येताना अंगावरची घाण उतरवण्याला डीकॉन म्हणतात आणि परीक्षेत सगळ्यात जास्त नापास इथेच होतात. साइटचे तीन पट्टे, आतला गरम, मधला डीकॉनचा, बाहेरचा स्वच्छ. मधल्या पट्ट्यात बूट आणि बाहेरचे हातमोजे धुवायचे, टेप काढायची, बाहेरचे हातमोजे काढायचे, मग सूट आतून बाहेर उलटवत खाली सोडायचा, मग मास्क, आणि आतले पातळ हातमोजे सगळ्यात शेवटी. आपलं डोकं म्हणतं आधी मास्क काढ, गुदमरतंय. नाही. सोवळ्यात स्वयंपाक करणारी आजी ज्याला आठवते त्याला हे एका दिवसात कळेल, कुठल्या हाताने काय शिवलंस एवढंच सारखं लक्षात ठेवायचं.

नमुने घेणं मला सगळ्यात आवडलं, आणि बीएस्सीचा उपयोग झाला तो एवढाच. प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे, बाटलीवर लेबल तिथल्या तिथे, बाटल्या बर्फात, आणि चेन ऑफ कस्टडीच्या (नमुना कुणाच्या हातातून गेला त्या नोंदीच्या) कागदावर देणाऱ्याची घेणाऱ्याची सही, वेळेसकट. एक सही राहिली तर लॅबचा रिपोर्ट कोर्टात टिकेलच असं नाही आणि खणलेला खड्डा परत खणावा लागू शकतो.

७. मास्क, दाढी आणि मंगळसूत्र

रेस्पिरेटर लावायच्या आधी आरोग्याचा लांबलचक फॉर्म भरायचा असतो. तो डॉक्टर किंवा नर्स वाचते, मालकाने तो बघायचा नसतो, त्यामुळे दमा, बीपी, घाबरण्याचा त्रास, सगळं खरं लिहा. मग फिट टेस्ट, ती दरवर्षी. डोक्यावर टोपडं घालून आत कडू स्प्रे मारतात, कडू लागलं की मास्क गळतोय. मान हलवा, वाका, इंद्रधनुष्यावरचा एक उतारा मोठ्याने वाचा. वाचताना माझ्या उच्चारांवर कुणी हसलं नाही, सगळेच तोबरा भरल्यासारखे बोलत होते.

दाढी चालत नाही, मास्कची कड जिथे चेहऱ्याला टेकते तिथे एक दिवसाची खुंटंसुद्धा नकोत. मिशी आत मावत असेल तर चालते. चष्म्याच्या काड्यांमुळे पूर्ण चेहऱ्याचा मास्क गळतो, त्यासाठी आत बसवायची वेगळी काच मिळते, ती आधीच मागा. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या घरी. सासूबाईंना फोनवर हे सांगताना मला जरा जड गेलं, त्या म्हणाल्या, आम्ही शेतात विहिरीत उतरताना काढायचोच की. तंबाखू, गुटखा, च्युइंगगम, पाणी, काहीही आतल्या पट्ट्यात तोंडात घालायचं नाही, हाताचं तोंडात जातं म्हणून.

आणि ऊन. रसायनाच्या आधी उन्हाने माणूस पडतो. सूटमध्ये घाम सुकत नाही. कामातल्या जोडीदाराशिवाय आत जायचं नाही हा नियमच आहे, तेव्हा जोडीदार असंबद्ध बोलायला लागला किंवा उगाच चिडायला लागला तर त्याला बाहेर काढा, त्याला विचारत बसू नका.

८. सर्टिफिकेट सांभाळा

हॅझवोपरचं दरवर्षी ८ तासांचं रिफ्रेशर लागतं. तारीख फोनमध्ये एक महिना आधीची टाका. प्रत्येक सर्टिफिकेटचा दोन्ही बाजूंनी फोटो, फोनमध्ये आणि ईमेलवर. ते ३ दिवसांचं साइटवरचं काम कुणाच्या हाताखाली, कुठल्या तारखांना झालं हे लेखी घ्या. बऱ्याच संस्था ४० तास देतात आणि हे ३ दिवस पहिल्या मालकाकडे होतात, तो लिहून द्यायला विसरतो, तुम्ही विसरू नका.

९. नोकरी

संस्थेचा प्लेसमेंटवाला माणूस हाच तुमचा खरा आधार. त्याला आठवड्यातून एकदा भेटा. पदांची नावं वेगवेगळी असतात, एन्व्हायर्नमेंटल टेक्निशियन, रेमेडिएशन लेबरर, ॲबेटमेंट वर्कर, फील्ड टेक, काम बरंचसं एकच. लेबरर्सची युनियन आहे तिथेही चौकशी करा. फेडरल पैशाचं बांधकाम असेल तर बहुतेक ठिकाणी प्रिव्हेलिंग वेज लागू असते, म्हणजे त्या भागातला ठरलेला दर द्यावाच लागतो, पहिली पे-स्लिप आली की ताडून बघा.

विचारायचे प्रश्न: मास्क आणि सूट कोण देतो (मालकानेच द्यायचे असतात), काम किती महिन्यांचं, मधे काम नसलं तर काय, बाहेरगावी राहायचा खर्च कोणाचा. वर्षात ३० किंवा जास्त दिवस मास्क लावावा लागत असेल तर मेडिकल तपासणी मालकाच्या खर्चाने, तुमच्या पगारातून नाही. मला एका ठिकाणी "तपासणीचे पैसे आधी तुम्ही भरा, नंतर बघू" म्हणाले होते, मी दुसरीकडे गेले.

साइटवर काही धोक्याचं दिसलं आणि बोललात म्हणून काढलं किंवा त्रास दिला तर ओशाकडे तक्रार करता येते, पण मुदत फक्त ३० दिवस. आणि ट्रेनिंग तुम्हाला कळेल अशा भाषेत द्यायची जबाबदारी मालकाची आहे. इंग्रजीत एखादी गोष्ट कळली नाही तर मान डोलावू नका. आपल्याला सवय असते हो हो म्हणायची. मी तर लव्ह कॅनालवरची अख्खी फिल्म संपेपर्यंत कॅनॉलचं पाणी कुठे दिसेना म्हणून शोधत होते, मग विचारलं, तर कळलं तो कालवा खणायला घेतलेला, अर्धवट सोडलेला, आणि त्याच खड्ड्यात ड्रम पुरलेले.

१०. पहिल्या दिवसाची बॅग

सर्टिफिकेटांच्या प्रती, आयडी, पोलादी टोकाचे बूट, पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या, मीठ-साखरेची पुडी, डबा (गाडीतच ठेवायचा), केस बांधायला दोन-तीन रबर, पेन, आणि घरी जाताना घालायला पूर्ण वेगळे कपडे. साइटवरचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, मुलांचे तर मुळीच नाही. कोरडे मोजे दोन जोड्या जास्त ठेवा, पहिल्या दिवशी एक जोडी तरी डीकॉनच्या टबात भिजतेच.